लिनक्स ड्रायव्हरमध्ये रनटाइम पीएम कसं बसवायचं

रनटाइम पीएम (पॉवर मॅनेजमेंट) म्हणजे सिस्टीम चालू असतानाच वापरात नसलेलं डिव्हाइस झोपवणं. उदाहरणाला आय-टू-सी बसवरचा (चिप जोडायच्या दोन तारांच्या बसवरचा) एक सेन्सर घेऊ: त्याला वीज देणारा एक रेग्युलेटर, एक क्लॉक. वापर नसेल तेव्हा दोन्ही बंद व्हावेत, एवढंच हवंय. इथे बहुतेक चुका एकाच कारणाने होतात. चिपची खरी अवस्था एक असते आणि कर्नलच्या पीएम कोरला वेगळीच सांगितलेली असते.

प्रोबपासून, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन चालवतो तिथून, सुरुवात करा. रनटाइम पीएम सुरू करण्याआधी कोर प्रत्येक डिव्हाइस 'सस्पेंडेड' धरतो. तुम्ही मात्र चिपचा आयडी वाचायला रेग्युलेटर आणि क्लॉक आधीच चालू केलेले असतात. म्हणून आधी पीएम_रनटाइम_गेट_नोरिझ्यूम (हे चिप न उठवता वापराचा काउंट एकने वाढवतं), मग पीएम_रनटाइम_सेट_अ‍ॅक्टिव्ह आणि त्यानंतरच पीएम_रनटाइम_एनेबल. सेट_अ‍ॅक्टिव्ह विसरलात तर पहिल्याच गेटला (काउंट वाढवून चिप जागी करणाऱ्या कॉलला) रिझ्यूम कॉलबॅक चालतो, चालू रेग्युलेटर पुन्हा एनेबल होतो आणि रेग्युलेटरचा स्वतःचा एनेबल काउंट एकने जास्त राहतो. मग तो रेग्युलेटर कधीच बंद होत नाही. एररही येत नाही, नुसती बॅटरी उतरते.

पुढे, शेवटच्या वापरानंतर ठराविक वेळाने चिप आपोआप झोपावी म्हणून, पीएम_रनटाइम_सेट_ऑटोसस्पेंड_डिले आणि पीएम_रनटाइम_यूज_ऑटोसस्पेंड. डिले चिपच्या जागं होण्याच्या वेळेच्या बराच वर ठेवा, नाहीतर दर रीडिंगला चालू-बंद चालू राहतं. सेन्सरच्या बऱ्याच ड्रायव्हरांत २००० मिलिसेकंद दिसतील. सुरुवातीला तेवढे पुरतात. प्रोबच्या शेवटी पीएम_रनटाइम_मार्क_लास्ट_बिझी आणि पीएम_रनटाइम_पुट_ऑटोसस्पेंड करून सुरुवातीला गेट_नोरिझ्यूमने घेतलेला काउंट सोडा.

सस्पेंड कॉलबॅकमध्ये आधी क्लॉक, मग रेग्युलेटर बंद. रिझ्यूममध्ये बरोबर उलटं. डेटाशीटमध्ये पॉवर आल्यावर ५ मिलिसेकंद थांबा असं असेल, तर यूस्लीप_रेंज(५०००, ६०००) टाका. रिझ्यूममध्ये क्लॉक चालू झाला नाही तर चालू केलेला रेग्युलेटर बंद करूनच एरर परत करा.

रेग्युलेटर गेला की चिपमधले रजिस्टरही गेले. हा बग डेव्हलपमेंट बोर्डावर हमखास लपतो: तोच रेग्युलेटर दुसऱ्या एखाद्या कायम चालू चिपलाही वीज देत असतो, त्यामुळे तो प्रत्यक्षात बंदच होत नाही आणि रजिस्टर शाबूत राहतात. खऱ्या प्रॉडक्टवर रेल (वीजपुरवठ्याची लाइन) वेगळी होते आणि पहिल्या सस्पेंडनंतर सेन्सर डिफॉल्ट रेंजमधली चुकीची रीडिंग द्यायला लागतो. रेगमॅप (रजिस्टरच्या किमती कॅशमध्ये ठेवू शकणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर सस्पेंडमध्ये रेगकॅश_कॅश_ओन्ली चालू करा; रिझ्यूममध्ये ते बंद करून रेगकॅश_मार्क_डर्टी आणि रेगकॅश_सिंक करा.

रीड करताना पीएम_रनटाइम_गेट_सिंक टाळा. ते अपयशी झालं तरी वापराचा काउंट वाढलेलाच राहतो, आणि एरर पाहून थेट रिटर्न केलं की डिव्हाइस पुन्हा झोपत नाही. कर्नल ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे. अपयश आलं तर ते काउंट स्वतःच उतरवतं. यश मिळाल्यानंतर मात्र फंक्शनच्या प्रत्येक वाटेवर पुट हवंच, मधल्या एररच्या वाटेवरही.

हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये (थ्रेडेड नव्हे) झोपू शकणारा रिझ्यूम चालत नाही. चिप सध्या वापरात असेल तरच हात लावायचा असेल, तर पीएम_रनटाइम_गेट_इफ_इन_यूज वापरा. पीएम_रनटाइम_आयआरक्यू_सेफ हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने पेरेंट डिव्हाइस (ज्याखाली आपलं डिव्हाइस जोडलंय ते) कायमचं जागं राहतं. शिवाय आय-टू-सीच्या कॉलबॅकला झोपावं लागतंच, म्हणून इथे तो लागूच पडत नाही.

रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पीएम_रनटाइम_डोन्ट_यूज_ऑटोसस्पेंड, मग पीएम_रनटाइम_डिसेबल. त्यानंतर डिव्हाइस अजून जागं असेल तरच क्लॉक आणि रेग्युलेटर बंद करा, शेवटी पीएम_रनटाइम_सेट_सस्पेंडेड.

आता तपासणी. सिसएफएसमध्ये (/sys खाली) त्या डिव्हाइसच्या 'पॉवर' फोल्डरातली 'रनटाइम_स्टेटस' फाइल वाचा. डिले उलटून गेल्यावरही 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं, तर आधी 'कंट्रोल' पाहा. तिथे 'ऑन' असेल तर दोष तुमच्या कोडचा नाही, 'ऑटो' लिहा. ते ठीक असेल तर पीएमचा अ‍ॅडव्हान्स्ड डीबग पर्याय चालू करून कर्नल बिल्ड करा आणि 'रनटाइम_यूसेज' वाचा. कोणी वापरत नसताना तिथे शून्य नसेल, तर एखादं पुट राहिलंय. गेटला -१३ एरर आली तर एनेबल राहिलंय किंवा डिसेबल झाल्यावर कोणीतरी वापरतंय. शेवटी मॉड्यूल काढून पुन्हा घाला: दुसऱ्या प्रोबला लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड पीएम_रनटाइम_एनेबल' आलं, तर रिमूव्हमधलं डिसेबल राहिलंय.