मुलांसाठी पहिलं शिलाई मशीन घेताना

आठ-दहा वर्षांच्या मुलाला शिवणाची गोडी लागली, तर तुळशीबागेत किंवा ऑनलाइन दिसणारं बॅटरीचं छोटं मशीन घेऊ नका. त्यातली बरीचशी एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतात. शेवटचं टोक ओढलं की अख्खी टीप सरसर उसवते आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. हे फार वाईट.

बॉबिन (म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) असलेलं, दोन दोऱ्यांचं मशीनच घ्या. घरात आजीचं हातानं फिरवायचं काळं मशीन असेल, तर तेल-पाणी करून तेच द्या. हात थांबला की सुई थांबते, वेग पूर्णपणे मुलाच्या ताब्यात. फक्त एक हात चाकावर अडकतो, म्हणून सुरुवातीला कापड धरायला शेजारी कुणीतरी बसावं.

इलेक्ट्रिक घ्यायचं असेल तर वेग कमी ठेवायची सोय आहे का, हे आधी विचारा. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून गार्ड बसतो का, तेही बघा. बॉबिन वरून बसणारी आणि झाकण पारदर्शक असेल तर दोरा संपत आल्याचं मुलाला दिसतं. टाक्यांचे पंचवीस प्रकार नकोत. सरळ आणि झिगझॅग पुरे.

दुकानात जाताना घरचं जुनं सुती कापड न्या, दुहेरी करून १४ नंबरच्या सुईनं मुलाकडूनच टीप मारून घ्या. उलट्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले, तर दुकानदाराला दोऱ्याचा ताण नीट करायला सांगा आणि तो कसा करायचा हे मुलालाही दाखवायला लावा.