माशाच्या मेंदूचा एमआरआय: आधी बुडबुडे काढा, मग टेस्ला विचारा

नवीन मंडळी पहिल्याच दिवशी विचारतात, मशीन किती टेस्लाचं, म्हणजे त्याचं चुंबक किती ताकदीचं? मीपण तेच विचारलं होतं. नंतर कळलं की स्कॅनची वाट मशीनमध्ये नाही, त्याच्या आधी नमुना ठेवायच्या नळीतच लागते.

माझा पहिला नमुना गोल्डफिशचं डोकं. फॉर्मालिनमध्ये फिक्स केलं, बफरमध्ये नीट धुतलं (हे टाळू नका, फॉर्मालिन राहिलं की टी-टू, म्हणजे सिग्नल टिकायचा वेळ, पडतो आणि सिग्नल लवकर विरतो), मग गॅडोलिनियम या धातूच्या कॉन्ट्रास्ट द्रावणात काही दिवस भिजवलं, त्याने टी-वन, म्हणजे पुढच्या मोजणीसाठी सिग्नल परत तयार व्हायचा वेळ, कमी होतो आणि तेवढ्याच वेळात जास्त सिग्नल गोळा होतो. शेवटी फॉम्ब्लिन नावाच्या फ्लोरिनयुक्त तेलात बुडवायचं, त्यात हायड्रोजन नाही म्हणून ते चित्रात काळंच दिसतं. पण ते पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळे डोकं बुचासारखं वर आलं, मी प्लास्टिकची पट्टी खोचून दाबलं आणि बुडबुडे काढायला व्हॅक्यूम न लावताच रात्रभराचा स्कॅन लावून निघून गेलो. सकाळी बघतो तर तोंडात अडकलेल्या एका बुडबुड्याने मेंदूचा खालचा भाग गिळून टाकलेला! माशाच्या कानातले बारीक खडे, ऑटोलिथ, तेपण आजूबाजूला थोडं काळं करतात, पण ते तुमच्या हातात नाही, बुडबुडा आहे.

रिझोल्यूशनची हाव धरताना एक हिशोब करा. व्होक्सेलची, म्हणजे चित्रातल्या सगळ्यात छोट्या घनाची, बाजू निम्मी केली की सिग्नल आठव्या हिश्श्यावर येतो, तो अ‍ॅव्हरेजिंगने, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढून, भरून काढायचा तर आठाचा वर्ग, 64 पट वेळ, म्हणजे एक तासाचे 64 तास. झेब्राफिशचा अख्खा मेंदू जेमतेम 4-5 मिमी लांब, म्हणून 2010 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठातल्या गटाने त्याचा 10 मायक्रॉनचा अ‍ॅटलास केला तो 16.4 टेस्लावर. दवाखान्यातलं 1.5 किंवा 3 टेस्लाचं मशीन इतक्या बारीक कामाला पुरत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला, सरळ काप काढून बघावेत की? बघाच, पेशी तिथेच दिसतात. पण कापताना मेंदू आकसतो, वाकतो, फाटतो, एमआरआयमध्ये तो कवटीत होता तसाच राहतो, आकारमान मोजायला हेच लागतं. शिवाय संग्रहालयातला दुर्मिळ नमुना कापायला कोण देणार?

खरा वेळ जातो तो सेग्मेंटेशनमध्ये, म्हणजे चित्रात मेंदूचा एकेक भाग वेगळ्या रंगात आखण्यात, आणि इथे उंदराचा अ‍ॅटलास डोक्यात ठेवून बसलात तर फसाल. गोल्डफिश, झेब्राफिशसारख्या किरणपरी माशांत पुढच्या मेंदूच्या भिंती आत वळत नाहीत, बाहेर उलटतात, त्यामुळे कुठला भाग कुठे गेला याचा नकाशाच फिरतो. मी तर गोल्डफिशचा व्हेगल लोब, चवीचा तो मागचा फुगीर गोळा, सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) रंगात रंगवून मोकळा झालो होतो. दोन दिवसांचं काम पुसलं, हिस्टोलॉजीचे (सूक्ष्मदर्शकाखालचे) काप शेजारच्या स्क्रीनवर उघडले आणि स्लाइसमागून स्लाइस हाताने परत काढत बसलो.