सत्ता मुंबईत, पैसा दिल्लीचा : सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या सरपंच-सदस्यांसाठी

७३व्या घटनादुरुस्तीने गावाला अधिकार मिळाले, असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात अकराव्या अनुसूचीतले २९ विषय गावाकडे द्यायचे की नाही, हे अनुच्छेद २४३ जी ने राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे. त्यामुळे 'घटनेने दिलेला हक्क' एवढ्यावर अर्ज टिकत नाही. त्यात ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम आणि शासन निर्णयाचा क्रमांक हवा. पूनम गेटवर धरणे जरूर धरा, पण आधी हा कागद तयार ठेवा.

दिल्लीशी नाते पैशाचे. १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामीण निधीत ६० टक्के बंधित होता : निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, तोही पगार-आस्थापनेला वापरायचा नव्हता. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची वाटणी ८०:१०:१० होती.

राज्याचा हात शिरतो तो अबंधित भागात. पथदिव्यांची थकबाकी, संगणक परिचालकाचा खर्च 'आयोगातून भागवा' असे पत्र येते. तोंडी वाद घालू नका. पत्रामागचा शासन निर्णय लेखी मागा, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांशी ताडा, विषय ग्रामसभेपुढे ठेवा आणि ठरावाची प्रत गटविकास अधिकारी व जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना (सीईओ) देऊन पोच घ्या. बिल खरेच गावाचे असेल तर ते भरायलाच हवे. प्रश्न फक्त कोणत्या पैशातून, एवढाच.

केंद्राच्या अटी मात्र दुधारी असतात. आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांनाच मिळे. २०२२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि त्यांचा वाटा अडकला. राज्य वित्त आयोग नेमून त्यावरच्या कार्यवाहीचा अहवाल मार्च २०२४ पर्यंत विधिमंडळात ठेवण्याचीही अट होती. अशा अटींचा चिमटा राज्याला बसतो, कळ मात्र गावाला येते. म्हणून एका सरकारविरुद्ध दुसऱ्याच्या पक्षाचा झेंडा हाती घेणे महागात पडते. सत्ता बदलते, फाइल तीच राहते.

सगळ्यात जास्त घोळ ग्रामसभेत होतो. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी ती. गावाच्या वार्षिक विकास आराखड्याच्या सभा ऑक्टोबरपासून लागतात, तेव्हाच कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि दिवसा माणसे उसाच्या फडात असतात. तारीख गावाच्या सोयीने ठरवा. कोरम भरला नाही तर सह्या नंतर गोळा करू नका, सभा तहकूब करा. पुढे चौकशी लागली की पहिले बोट या सह्यांवरच पडते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नडभाषक गावांत ठराव कन्नडमध्ये वाचून दाखवा, इतिवृत्त मराठीत ठेवा. महिलांची सभा आधी घ्या.

ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवरच्या आराखड्यात नसलेल्या कामाचे पैसे निघत नाहीत. तेच काम आमदार किंवा खासदार निधीतही मंजूर असेल तर दुबार ठरते; दोन्ही याद्या शेजारी ठेवून तपासा. सरपंच बदलताच जुनी डीएससी (देयकांसाठीची डिजिटल सही) बंद करून नवी नोंदवा. नावातला एक शब्द जुळला नाही तरी ती परत येते, आणि हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळले तर त्या वर्षीची देयके लटकतात.