सव्वाचार जीबीची फाइल डीव्हीडीवर मावेना तेव्हा

सांगलीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचं दप्तर डिस्कवर उतरवायचं होतं. फोटो, संहिता बिनतक्रार गेल्या. अडलं चित्रीकरण. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं (संगणक ४.३८ दाखवतो, तो मोजणीचा फरक), तरी सव्वाचार जीबीची एकच फाइल घेईना! कारण डिस्कवर फाइली मांडण्याची जुनी आयएसओ ९६६० पद्धत. तिथे सहसा ४ जीबीच्या आतलीच फाइल चालते. डिस्क लिहिण्याच्या सेटिंगमध्ये यूडीएफ ही नवी पद्धत निवडली, झालं काम. जोलिएटमध्ये (जुन्या पद्धतीला लांब नावांसाठी दिलेली जोड) ६४ अक्षरांवर तुटणारी लांबलचक मराठी नावंही शाबूत राहिली.

नाट्यगीतं मात्र वेगळ्या सीडीवर, तीही ऑडिओ सीडी म्हणून, ८० मिनिटांत बसतील तेवढीच. काकांच्या जुन्या प्लेअरला एमपीथ्री कळत नाही, आणि काका प्लेअर बदलणार नाहीत.