स्पॅनिशचा ‘पारा’ आणि मराठीचा ‘साठी’: या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यात आपण वहीत लिहितो, ‘पारा म्हणजे साठी’. ते खोटं नाही, पण पुढच्या बहुतेक चुका त्या एका ओळीतून निघतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आभार मानतानाच होते. ‘मदतीसाठी धन्यवाद’ मनात असतं, म्हणून तोंडून येतं ‘ग्रासिआस पारा ला आयुदा’. हवं ‘ग्रासिआस पोर ला आयुदा’. मदत होऊन गेलेली आहे, ती कारण आहे, हेतू नव्हे. अशा वेळी ‘साठी’ काढून ‘बद्दल’, ‘मुळे’ किंवा ‘खातर’ घालून बघा. वाक्य चाललं तर तिथे ‘पोर’. ‘लो इसे पोर ती’ म्हणजे तुझ्याखातर केलं. ‘लो इसे पारा ती’ म्हणजे तुला द्यायला केलं. (‘पारा तू’ कधीच नाही. तसंच ‘पारा मी’, ‘पारा यो’ नव्हे.)

खरी अडचण दोन माणसं आली की सुरू होते. ‘त्याला कळावं म्हणून मी हळू बोलतो’ याचं विद्यार्थी करतात ‘आब्लो देस्पासिओ पारा एल एन्तेन्देर’. हे चुकीचं आहे. बोलणारा एक, कळणारा दुसरा, म्हणून ‘पारा के’ आणि पुढे सबजंक्टिव्ह, म्हणजे हेतू किंवा इच्छा दाखवणारं क्रियापदाचं रूप: ‘आब्लो देस्पासिओ पारा के एल एन्तिएन्दा’. सबजंक्टिव्हला घाबरायचं कारण नाही. आपलं ‘कळावं’, ‘मिळावं’, ‘यावं’ हे रूप जवळपास तेच काम करतं, आणि मला ही मराठी माणसाला मिळालेली मोठी सवलत वाटते.

मात्र त्या ‘-ावं’वर डोळे झाकून विसंबू नका. ‘लवकर पोचावं म्हणून धावतो’ यात धावणारा आणि पोचणारा एकच. इथे साधं मूळ क्रियापद पुरतं: ‘कोर्रो पारा येगार तेम्प्रानो’. ‘पारा के येगे’ म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, कोण पोचणार आहे? म्हणजे आधी कर्ते मोजायचे, मग रूप निवडायचं.

भूतकाळात आणखी एक फरक. मराठीत ‘कळावं म्हणून हळू बोललो’, ‘कळावं’ जसंच्या तसं राहतं. स्पॅनिशमध्ये तेही बदलतं: ‘आब्ले देस्पासिओ पारा के एन्तेन्दिएरा’. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. रोज दोन-तीन वाक्यं दोन्ही काळांत मोठ्याने म्हणा.

‘पाव आणायला जातो’सारख्या जाण्या-येण्याच्या वाक्यांत बहुधा छोटा ‘आ’ पुरतो: ‘बोय आ कोम्प्रार पान’.

मुदत सांगताना ‘सोमवारपर्यंत हवंय’ म्हणून ‘आस्ता एल लुनेस’ म्हणू नका. त्याचा अर्थ सोमवार येईपर्यंत ती वस्तू लागणार आहे, असा होतो. ‘लो नेसेसितो पारा एल लुनेस’ म्हणा, म्हणजे सोमवारी ती हातात येईल.