दर हंगामाला नवी जर्सी: गावाकडच्या पॉइंट गार्डने काय शिकून ठेवावं

बास्केटबॉलच्या कोणत्याही चांगल्या संघाला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणाऱ्या पोरी, दोन-तीन लागतात. पहिली ठरलेली असते. दुसरी आणि तिसरी दरवर्षी शोधावी लागते. कुणाचं लग्न होतं, कुणाचा गुडघा जातो, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पुण्याला निघून जाते, आणि टुर्नामेंट तोंडावर आली की कोचचा फोन येतो, "येतेस का?" अशा फोनवर नव्या संघात जाऊन त्याच दिवशी उपयोगी पडायचं कसं, ते इथे सांगते. मी दारव्हा तालुक्यातली. विद्यापीठाकडून खेळले, मग बरीच वर्षं खुल्या स्पर्धांत गेस्ट, म्हणजे बाहेरून बोलावलेली खेळाडू, म्हणून यवतमाळ, अमरावती, अकोला, नागपूर असं फिरले, आता शाळेत पीटी शिकवते. पोरींना डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे. पोरांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी एका माणसाची ओळख करून देते, कारण माझ्या शाळेतल्या पोरींना एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, स्टार स्टेफ करी माहीत असतो, पण इश स्मिथ माहीत नसतो. अमेरिकेतल्या शार्लट शहराचा हा खेळाडू. उंची सहा फूट, म्हणजे एनबीएच्या मानाने बुटकाच. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, 60 नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. तरी ह्यूस्टनच्या संघाने घेतला, आणि तिथून सोडणं, बदलणं, परत घेणं असं करत तो 13 वेगवेगळ्या एनबीए संघांकडून खेळला. इतक्या संघांकडून दुसरं कुणीच खेळलेलं नाही. तेरावा संघ डेन्व्हर, आणि 2023 मध्ये त्याच संघाबरोबर तो विजेता झाला. त्याची बाहेरून शूटिंग फार भरवशाची कधीच नव्हती. मग एवढे संघ त्याला बोलवत का राहिले? पाय विजेसारखे, बॉल हातून सहसा जात नाही, आणि बेंचवरून उठला की संघाचा खेळ ढेपाळत नाही. माझ्या मते कुणाच्याही करिअरमधून गावाकडच्या गार्डने शिकावं असं एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

एनबीएत 10 दिवसांचा करारही असतो. जानेवारी लागला की संघ कुणालाही 10 दिवसांसाठी बोलवू शकतो. एकाच संघाने एका हंगामात असे दोन करार दिले की पुढे हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. 10 दिवसांत पन्नास सेट (ठरवलेल्या चाली) पाठ करून दाखवायला कुणी सांगत नाही. संघ बघतो ते इतकंच की याला आत टाकलं तर बाकी चौघांना त्रास होतो का. आपल्याकडची तीन दिवसांची टुर्नामेंटही अगदी तशीच असते.

हात तयार करणं

काळ्या मातीवर ड्रिबल होत नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. म्हणून सिमेंट शोध: शाळेसमोरचा ओटा, ग्रामपंचायतीने केलेला रस्ता, जिनिंगचं आवार रिकामं असेल तर परवानगी काढून ते. मार्च संपला की आपल्याकडे सकाळी नऊनंतर बाहेर खेळायचं नाव काढू नकोस. साडेपाचला उतर, साडेसातला घरी. बॉल पोरींसाठी सहा नंबरचा घे, पोरांसाठी सात. गावाकडे सरसकट सात नंबर मिळतो आणि पोरी त्याच्यावरच शिकतात, मग स्पर्धेत सहा नंबर हातात आला की पास लांब जातो.

रिंग टेपने मोज. जमिनीपासून रिंगच्या वरच्या कडेपर्यंत 3.05 मीटर पाहिजे. पोरं लटकून लटकून रिंग पुढे वाकलेली असते, आणि तशा रिंगवर बसलेला हात बाहेर गेल्यावर चुकतो. फ्री थ्रोची रेघ बोर्डापासून 4.60 मीटरवर, थ्री पॉइंटची रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून 6.75 वर. चुन्याने आखून घे. पूर्ण कोर्ट 28 मीटर लांब असतो, तेवढी जागा नसली तर 14 मीटर तरी आख, कारण गार्डची खरी परीक्षा त्या 14 मीटरमध्येच होते: आपल्या अर्ध्यातून बॉल 8 सेकंदांत पलीकडे न्यावा लागतो.

ही एक प्रॅक्टिस रोज कर. दोन मैत्रिणी अंगावर घे, दोघींनाही हात लावू दे, ढकलू दे. तिसरी मध्यरेषेवर उभी राहून बोटं दाखवेल, कधी दोन, कधी चार. तू बॉल डाव्या हाताने आणायचा, बोटांचा आकडा मोठ्याने ओरडायचा, आणि आठ मोजायच्या आत रेघ ओलांडायची. पहिले काही दिवस आकडा ओरडला की बॉल सुटेल, बॉल सांभाळला की आकडा चुकेल. दोन्ही एका वेळी जमायला लागलं की समज, तुझी मान वर आली. उजवा हात आपोआप तयार होतो, त्याच्यावर वेळ घालवू नकोस.

आणि आवाज. आपल्या पोरींना मोठ्याने बोलू नकोस असं लहानपणापासून सांगितलेलं असतं. पॉइंट गार्ड गप्प असेल तर संघ आंधळा. "स्क्रीन उजवीकडून!", "परत ये!", "बॉल थांबव!" हे शेवटच्या बेंचवरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. मी पोरींना सकाळी रिकाम्या मैदानावर ओरडायला लावते. गावातल्या बाया विचारतात, "काय झालं वो मॅडम, काहून बोंबलते ह्या पोट्ट्या?" विचारू दे.

नव्या संघातला पहिला दिवस

सगळ्यात जास्त लिहावं असं इथेच आहे. बोलावणं आलं आणि तू पोचलीस. प्रॅक्टिस पाचला असेल तर सव्वाचारला मैदानावर रहा. लवकर येणाऱ्या दोघी-तिघी असतातच, त्यांच्याकडून सगळ्यांची नावं पाठ कर. जर्सीचा नंबर नको, नाव पाहिजे. नंबर सरावाच्या टी-शर्टवर नसतोच. कोचला तीनच गोष्टी विचार: बास्केट झाल्यावर सावकाश आणायचं की पळवायचं, शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा, आणि खुणा कोणत्या. मूठ म्हणजे काय, डोक्यावर हात म्हणजे काय. हे एका छोट्या वहीत लिही. मोबाइलमध्ये लिहू नकोस, मैदानात मोबाइल बॅगेत असतो.

मग उंच पोरींकडे जा आणि प्रत्येकीला विचार की तुला बॉल कुठे पाहिजे. याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं असतं. एका खुल्या स्पर्धेत मी अमरावतीकडच्या एका संघाकडून उतरले होते. त्यांची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी पोरगी, चांगली उंच, पण तिच्या हातून पास सुटत होते आणि सगळे तिला बोल लावत होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "ताई, मले खाली बाऊन्स नोको देऊ. मी वाकली का पाठीत कळ येते. इथं दे," आणि तिने डावा हात खांद्याच्या वर धरला. डाव्या खांद्याच्या वर, एवढंच. त्या दिवसापासून तिला पास तिथेच गेला आणि तिने तो सोडला नाही. तिच्या कोचने तिला इतक्या दिवसांत हे विचारलेलं नव्हतं. संघात नव्याने आलेल्या माणसाला असा प्रश्न विचारायची मोकळीक असते, ती वापर.

पहिल्या सरावात स्वतःचे पॉइंट काढायच्या मागे लागू नकोस. ट्रायललाही नको. ट्रायलला चाळीस पोरी येतात आणि त्यातल्या पस्तीस बॉल मिळाला की रिंगकडे धावतात, त्यामुळे निवडणाऱ्यांच्या नजरेत भरते ती जिच्यामुळे दुसरीला सोपी बास्केट मिळते. बचावात मात्र कसर ठेवू नकोस: समोरच्या गार्डला तिच्या अर्ध्यातच गाठ. बास्केटला मारण्यासाठी मिळणाऱ्या तिच्या 24 सेकंदांतली सहा-सात तिथेच खर्च झाली की त्यांचा अर्धा सेट मोडतो. हे करायला उंची लागत नाही, दम लागतो. मगसी बोग्ज 1.60 मीटरचा होता आणि एनबीएत 14 हंगाम टिकला. समोरच्याचा बॉल खालच्या खाली काढून नेणं हीच त्याची दहशत होती.

नियम पक्के असू दे, कारण शेवटच्या दोन मिनिटांत कोच ओरडतो ते ऐकू येत नाही. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी एका भागात, संघाचे चार फाउल झाले की पाचव्याला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. आपण बास्केटला मारलेला बॉल रिंगला लागून परत आपल्याच हातात आला तर 24 नाही, 14 सेकंद. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बॉल आपल्या अर्ध्यात असताना आपण टाइमआउट घेतला, तर तो पुढच्या अर्ध्यात नेऊन टाकायचा की नाही ते कोच ठरवतो. अंगावरचा पाचवा फाउल म्हणजे बाहेर. तुझ्याबरोबरच्या चौघींचे किती झालेत तेही तुझ्या डोक्यात पाहिजे.

घर, गाडी, पैसा

स्पर्धांचे दिवस आणि सोयाबीन काढणी, मग कापसाची वेचणी, हे नेमके एकत्र येतात. घरी हात कमी पडतात हे खरं आहे, आणि त्यावर भांडून उपयोग नाही. हंगामाच्या आधीच आईबाबांसमोर तारखा ठेव. कोण मॅडम बरोबर आहेत, मुक्काम कुठे, त्यांचा फोन नंबर कोणता, हे कागदावर लिहून घरी दे. माझ्या बाबांनी मला पहिल्यांदा पाठवलं ते मॅनेजर मॅडम स्वतः घरी येऊन बोलल्या म्हणून. पोरीला विचारणाऱ्या संघाने एवढं केलंच पाहिजे. जो संघ करत नाही, तिकडे जाऊ नकोस.

एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सरावाला तालुक्याला जाणं थोडं हलकं झालंय. रात्रीची मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते कोचला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, म्हणजे सराव लांबला तरी तुला सोडतात.

गेस्ट म्हणून जाताना जाण्यायेण्याचा खर्च, जेवण, राहणं आणि मानधन हे आधी ठरव आणि व्हॉट्सॲपवर लिहून घे. एका संघाने मला बक्षीस मिळाल्यावर देतो म्हणून सांगितलं, बक्षीस मिळालं, पैसे मिळाले नाहीत. बूट दोन जोड ठेव. सिमेंटवर तळ लवकर गुळगुळीत होतो आणि त्याच बुटांनी लाकडी कोर्टावर उतरलीस तर घोटा गेलाच म्हणून समज. उडी मारून उतरताना गुडघे आत वळत असतील तर आधी ते सुधार, बाकी सगळं नंतर. पोरींचे गुडघे तिथेच जातात. आरशासमोर किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून बघ.

कागद

आपल्या देशात बास्केटबॉलवर पोट भरतं ते मुख्यतः नोकरीतून. रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर विभाग, काही राज्यांची पोलीस दलं, केरळचं वीज मंडळ, यांचे संघ वर्षानुवर्षं खेळत आले आहेत आणि स्पोर्ट्स कोट्यातून भरती करत आले आहेत. वाराणसीचा विशेष भृगुवंशी गार्डच. ओएनजीसीत नोकरी, भारताचा कर्णधार होता, 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड संघाने करारबद्ध केला, पुढे अर्जुन पुरस्कार. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण ते मिळतं प्रमाणपत्राच्या पडताळणीनंतर, आणि पडताळणी होते क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात. तिथे कागद बघतात, आठवणी नाही.

म्हणून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, प्रत्येक पायरीचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जप. त्यावर तुझं नाव दहावीच्या सनदेप्रमाणेच आहे ना ते तिथल्या तिथे बघ. एका मुलीच्या प्रमाणपत्रावर घरातलं लाडाचं नाव पडलं होतं आणि ते बदलायला तिचं अख्खं वर्ष गेलं. लॅमिनेशन करू नकोस, मागे शिक्का मारायची वेळ आली तर मारता येत नाही. संघाच्या यादीचा आणि स्कोअरशीटचा फोटो काढून ठेव. जिल्हा किंवा संघटना बदलायची असेल तर आधीच्यांचं ना-हरकत पत्र वेळेत माग, ऐन ट्रायलच्या आठवड्यात ते हाती येत नाही.

पाच जणी जमत नसतील तर थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन-तीन जणींचा बास्केटबॉल, खेळ. अर्धा कोर्ट, 12 सेकंदांचं शॉट क्लॉक, 10 मिनिटं किंवा 21 पॉइंट. संघात चौघी असल्या की झालं. टोकियो ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिकचा खेळ आहे आणि गावाकडच्या एका रिंगवर त्याचा पूर्ण सराव होतो. गार्डला तर फारच चांगला, बेंचवरून कोच सांगू शकत नाही, सगळं स्वतः ठरवावं लागतं.

खेळणं थांबल्यावरही गार्डला काम असतं. केव्हिन ऑली 1995 मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला, छोट्या लीगमधून वर आला, 13 हंगाम संघ बदलत राहिला, आणि 2014 मध्ये कोच म्हणून त्याने कनेटिकट विद्यापीठाला अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद मिळवून दिलं. इतक्या कोचच्या हाताखाली खेळलेल्या माणसाच्या वहीत केवढं असेल! आपल्याकडे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एनआयएस कोचिंग कोर्स, पंच परीक्षा हे रस्ते आहेत. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे आणि शारीरिक शिक्षणाचं कॉलेज तिथेच आहे. विदर्भातल्या पोरीला त्यासाठी लांब जायची गरज नाही. पंच परीक्षा मात्र खेळत असतानाच दे. नियम डोक्यात ताजे असतात आणि सुट्टीच्या दिवशी थोडे पैसेही सुटतात.

संघ सोडताना जर्सी धुऊन परत कर, प्रमाणपत्रावर सही-शिक्का घेतल्याशिवाय निघू नकोस, आणि कोचला स्वतः फोन करून सांग की पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यापासून मोकळी आहेस. संघातल्या उंच पोरीचा नंबरही घेऊन ठेव. पुढचं बोलावणं पुष्कळदा तिच्याकडूनच येतं, कारण पास कोण नीट देते हे तिला सगळ्यात चांगलं माहीत असतं.