भाजलेल्या बटाट्यांवर टाकायचा हर्ब मसाला घरी कसा करायचा

बटाटे ओव्हनमध्ये भाजायचे म्हटलं की आपण दुकानातून हर्बवाली छोटी बाटली आणतो. एकदा तिच्यावरची घटकांची यादी नीट वाचून बघा. आपल्याकडे यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहितात, आणि काही बाटल्यांवर पहिलंच नाव मिठाचं असतं. मीठ तर घरात आहेच की. आपल्याला पाहिजे तो रोझमेरी नावाच्या विलायती सुगंधी पाल्याचा आणि लसणाचा वास, आणि तो घरी वाळवलेल्या पाल्याला जितका येतो तितका मला कुठल्याच बाटलीत मिळाला नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी वेळ बघा. नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर याच्या नादाला लागूच नका, हवेतच इतका ओलावा असतो की वाळलेला पाला रात्रीतून परत मऊ पडतो. दिवाळी झाली की हवा कोरडी होते, तिथपासून मेपर्यंत कधीही करा. पाला वाळवायला थंडी छान, आणि लसूण कांदा वाळवायला मार्च एप्रिलचं ऊन, म्हणजे गच्चीवर कुरडया पापड पडतात तेव्हाच त्यांच्या शेजारी एक ताट आपलं.

रोझमेरीचं रोप नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूच्या नर्सऱ्यांमध्ये विचारा, थाईम आणि ओरेगॅनो हे तसेच दुसरे दोन सुगंधी पाले पण कधीकधी मिळतात. रोझमेरी कुंडीत लावताना नुसती काळी माती घालू नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, निम्मी जाड वाळू मिसळा आणि पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या. रोप नको असेल तर थाईम, ओरेगॅनो वाळलेलेच विकत आणा, चालतं, पण रोझमेरी तेवढी घरची वाळवा असं माझं म्हणणं आहे, कारण या मसाल्याचा जीव तीच आहे.

फांद्या सकाळी कापायच्या, दव उडून गेल्यावर. पटकन धुवा, झटका, सुती कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण जाऊ द्या. मग पाच सहा फांद्यांची सैल जुडी बांधून वारा खेळतो अशा जागी उलटी टांगा, पण उन्हात नाही. उन्हात रंग जातो आणि वास ज्या तेलामुळे असतो ते तेलच उडून जातं, मग हातात राहतं ते वाळलेलं गवत. सावलीत रोझमेरीला साधारण आठ दहा दिवस लागतात, थाईम चार पाच दिवसांत होतं.

झालं की नाही कसं ओळखायचं हे मला सासूबाईंनी शिकवलं आणि तेही कुरडयांच्या वेळी. मी पानं चुरगाळून वास घेत बसले होते तर त्या म्हणाल्या, "अगं वास काय घेतेस, फांदी मोडून बघ. वाकली तर ओली, मोडली तर झाली." त्यांनी एक बारीक फांदी दोन बोटांत धरली, ती नुसतीच कमानीसारखी वाकली, म्हणून जुडी परत टांगली. तीन दिवसांनी तीच फांदी कट्कन तुटली आणि पानं हात लावल्याबरोबर खाली गळायला लागली. तेव्हापासून लसणाला, कांद्याला, सगळ्यालाच मी हीच परीक्षा लावते.

ओव्याच्या पानांबद्दल मुद्दाम सांगते, कारण नाशिकमध्ये किती तरी घरांत ही कुंडी असते आणि पहिल्यांदा तीच सुचते. वासाला ती ओरेगॅनोच्या जवळची आहेत, कुळही एकच, पुदिना तुळस रोझमेरी थाईम सगळे त्याच कुळातले. पण ही पानं जाड आणि रसाळ असतात. मागच्या वर्षी मी ती वाळवली, वरून छान कडक झाली होती, देठाजवळ मात्र ओल राहिली होती ते कळलंच नाही, तशीच मसाल्यात घातली आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर कुबट वास आणि तळाला पांढरट बुरशी. पूर्ण बरणी टाकून द्यावी लागली, दहा दिवसांची रोझमेरी गेली त्यात. आता मी पानांऐवजी सरळ साधा ओवा घेते, डब्यातला. थाईमला जो वास असतो तो थायमॉल नावाच्या सुगंधी द्रव्याचा आणि ओव्यातही थायमॉलच असतं, त्यामुळे थाईम नाही मिळालं तरी ओवा थोडासा भाजून भरड कुटला की काम होतं. फक्त जपून, ओवा उग्र असतो, थाईमच्या जागी एक तृतीयांशच घ्या.

लसूण सोलून एकसारख्या पातळ चकत्या करा, दोन मिलिमीटरच्या आसपास, जाड बारीक झाल्या तर जाड त्या आतून ओल्या राहतात. ताटात एकावर एक न येता पसरा, वरून मलमलचं कापड बांधा आणि कडक उन्हात तीन चार दिवस ठेवा, संध्याकाळी आठवणीने आत घ्यायचं. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर ६० ते ७० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, तीन चार तास. रंग फिका पिवळसर राहिला पाहिजे, तपकिरी झाला की कडू झाला, ती चकती काढून टाका. कांदाही असाच पातळ चिरून वाळवायचा, आणि घेताना उन्हाळ कांदा घ्या, लाल कांद्यात पाणी जास्त असतं म्हणून तो वाळायला वेळ खातो. आपण कांद्याच्याच जिल्ह्यात राहतो, निवडून घ्यायला काय हरकत आहे.

आता प्रमाण. वाळलेली रोझमेरी २ मोठे चमचे, थाईम १ मोठा चमचा (किंवा १ छोटा चमचा ओवा), ओरेगॅनो १ मोठा चमचा, लसणाची पावडर दीड मोठा चमचा, कांद्याची १ मोठा चमचा, काळी मिरी २ छोटे चमचे आणि रंगाला ब्याडगीचं किंवा काश्मिरी तिखट १ छोटा चमचा. वाळवण्याआधी ताजा पाला मोजायचा असेल तर तिप्पट धरा. मीठ यात घालत नाही मी, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं, मसाल्याचे गोळे होतात, आणि बटाट्यांना ते उकळतानाच लावायचं आहे.

सगळं एकदम मिक्सरला लावू नका, तिथेच बहुतेकांचं बिघडतं. लसूण आणि कांदा मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, भांडं गरम झालं तर पावडर चिकटते. रोझमेरी खलबत्त्यात भरड कुटा, अख्खी ठेवली तर दातात काडीसारखी टोचते आणि पीठ केलं तर वास लवकर उडतो. मिरी जरा गरम करून जाडसर ठेचा. थाईम, ओरेगॅनो नुसते तळहातावर चोळले तरी पुरे. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिसळा आणि कोरड्या काचेच्या बरणीत भरा. बरणी गॅसच्या वरच्या फडताळात ठेवू नका, वाफ आणि उष्णता दोन्ही तिथेच. पहिला आठवडा दोन दिवसाआड उघडून बघा, काचेला आतून दमट धूसरपणा दिसला तर लगेच ताटात काढून परत वाळवा. चार पाच महिने वास चांगला राहतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. टिकेल म्हणून कच्चा लसूण आणि ताजा पाला तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची नाही. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचं (जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून, चवीवरून कळत नाही. तसं तेल हवं असेल तर लागेल तेवढंच करून त्याच दिवशी संपवा.

बटाटे अर्धा किलो, जुने घ्या, नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं. फ्रिजमधले नको, गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आतून शिजायच्या आत बाहेरून काळे पडतात. मध्यम फोडी करून गार पाण्यात टाका, एक लिटर पाण्याला २ छोटे चमचे मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा, उकळी आली की आठ दहा मिनिटं. सोड्यामुळे फोडींच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. पाणी काढून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग झाकण लावून पातेलं जोरात हलवा, कडा पिठूळ, खडबडीत झाल्या पाहिजेत, कुरकुरीतपणा तिथूनच येतो. ३ मोठे चमचे शेंगदाणा तेल चोळा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटवून.

मसाला सुरुवातीला लावायचा मोह होतो, पण इतक्या आचेवर लसूण पाऊण तास टिकत नाही, जळतो. शेवटची दहा मिनिटं राहिली की ट्रे बाहेर काढा, २ छोटे चमचे मसाला भुरभुरवा, हलवा आणि परत आत ठेवा. ओव्हन नसेल तर लोखंडी कढईत झाकण न ठेवता मध्यम आचेवर सगळ्या बाजू लालसर होईपर्यंत परता, गॅस अगदी बारीक करून मसाला घाला, एक मिनिट हलवा, बंद. वरून अर्धं लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावरच, आधी पिळलं तर कडा मऊ पडतात.